क ति धा क : वरातीत घडलेल्या हाताला शफल शिकवताना

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यात तापीच्या पल्याड, केळीच्या पट्ट्यातल्या एका गावचा विशीतला मुलगा माझ्याकडे ड्रम शिकायला येतो. हे प्रकरण त्याचं आहे आणि त्याला विचारूनच लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून नाव-गाव दिलेलं नाही, घरचे एक-दोन तपशीलही बदलले आहेत. वाजवण्याचे तपशील मात्र जसेच्या तसे ठेवलेत, कारण हे लिहिण्याचं कारणच ते आहेत.

मुलाच्या चुलत्यांचा, आप्पांचा, बँड आहे. तुळशीची लग्नं लागली की सुपाऱ्या सुरू होतात, त्या पाऊस पडेपर्यंत. मुलगा नवव्या वर्षी गळ्यात साइड ड्रम अडकवून वरातीपुढे चालायला लागला. पुढे बँडमध्ये बँजो आला, ऑक्टोपॅड (स्टिकने वाजवायचं आठ पॅडचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आला, गाडीवर भोंगे चढले आणि मिसरूड फुटायच्या आत हा ऑक्टोपॅडवर उभा राहिला. कहरवा, दादरा, अहिराणी गाण्यांचे नाचाचे ठेके, नवरात्रात गरब्याची हींच, सगळं पाठ. तीन-तीन तास वाजवून हात दुखत नाहीत. नवरदेवाच्या मित्रांनी ओरडा केला की लय कधी चढवायची आणि घोडा अडला तरी ठेका कसा चालू ठेवायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, ते रस्त्यावरच अंगात भिनलं. क्लासला येणाऱ्या शहरातल्या पोरांपेक्षा तो पहिल्याच दिवशी कितीतरी पुढे होता, आणि पुढची बरीचशी अडचण त्यातूनच उभी राहिली.

कॉलेजात त्याची गाठ गाणाऱ्या पोरांच्या एका गटाशी पडली. जानेवारीतल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पाश्चात्त्य समूहगीत म्हणायचं ठरलं. गाणं निवडलं गायकांनी, गळ्याला झेपेल ते पाहून. त्यातला ठेका वाजवायला किती अवघड आहे, हा प्रश्न त्या बैठकीत कुणाच्या मनातही आला नाही. ड्रमवाला आपल्याकडे आहेच, तोही बँडमधला, मग काळजी कसली?

ठेका नेमका काय आहे

ठेक्याचं नाव हाफ-टाइम शफल. अमेरिकन ड्रमवादक बर्नार्ड पर्डी (जन्म १९३९) यांच्या नावाने तो ड्रमवाल्यांत ओळखला जातो, सगळे ‘पर्डी शफल’च म्हणतात. लहानपणी ऐकलेल्या आगगाडीच्या लयीतून तो सुचला, असं पर्डींनी सांगितलं आहे. भुसावळ जंक्शन एवढं जवळ असून आपल्याकडे कुणाला का सुचला नाही, असं या पोराने एकदा विचारलं. वाफेची इंजिनं गेली रे बाबा, यापलीकडे मला उत्तर सुचलं नाही.

मांडणी अशी. चार मात्रा, प्रत्येक मात्रेचे तीन भाग, म्हणजे आवर्तनात बारा जागा. उजवा हात हाय-हॅटवर (स्टँडवरच्या झांजांच्या जोडीवर) प्रत्येक मात्रेचा पहिला आणि तिसरा भाग वाजवतो. मधला भाग डाव्या हाताने स्नेअरवर (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर) भरायचा, पण इतका हलका की समोरच्याला तो वेगळा ऐकू येऊ नये, नसला तर मात्र चुकल्यासारखं वाटावं. याला घोस्ट नोट म्हणतात. आणि तिसऱ्या मात्रेच्या सुरुवातीला त्याच डाव्या हाताने स्नेअर कडाडून वाजवायचा. मी त्याला बोलांत दिलं ते असं:

ति क ति । ति क ति । धा क ति । ति क ति

‘ति’ म्हणजे हाय-हॅट, ‘क’ म्हणजे हलकी थाप, ‘धा’ म्हणजे मोठा ठोका, त्यावर हाय-हॅटही पडतोच. किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, आम्ही पहिल्या आणि सहाव्या जागेवर ठेवली, म्हणजे समेवर आणि ‘धा’च्या अलीकडच्या ‘ति’बरोबर.

कागदावर हे दादऱ्याची दोन आवर्तनं मांडल्यासारखं सोपं दिसतं. गोम आहे सातव्या आणि आठव्या जागेत. ‘धा’ आणि त्याला चिकटून येणारा ‘क’ दोन्ही डाव्याच हाताचे. गाण्याचा मूळ वेग मिनिटाला ८४ मात्रांचा. त्या वेगात एका भागाला पाव सेकंदही पुरता मिळत नाही. तेवढ्यात फूटभर उंचीवरून आलेली स्टिक कातड्याजवळच रोखायची आणि पुढची थाप दीड-दोन इंचांवरून टाकायची.

अडचण

माझ्याकडे येण्याआधी पोराने हा ठेका महिनाभर स्वतःच घोटला होता. व्हिडिओ कमी वेगावर लावून बघितला, जागा पाठ केल्या, मग वेग चढवत नेला. पहिल्या दिवशी त्याने मला थेट ८४ वर वाजवून दाखवला. एकही जागा चुकली नाही, लयही हलली नाही. फक्त बाराच्या बारा जागा एकसारख्या मोठ्या वाजत होत्या. गटातली मुलगी त्याला म्हणाली होती, “दादा, हे वरातीसारखं वाटतंय.” ते त्याला चांगलंच लागलं होतं.

त्याचं स्वतःचं निदान होतं की अजून वेग कमी पडतोय. आणखी जलद हात बसला की आपोआप सफाई येईल. बहुतेक वाजवणारे असंच समजतात, आणि बँडमधल्या माणसाचं तसं समजणं स्वाभाविकच आहे. तिथे अवघड याचा अर्थ जलद.

मी त्याला एकच गोष्ट करायला सांगितली. लय कुठलीही घे, ठेका कुठलाही घे, पण जमेल तितकं हळू, म्हणजे बारीक आवाजात वाजव. उजव्या हाताने थोडंफार जमलं. डाव्या हाताला दोनच आवाज येत होते, एक मोठा आणि एक नाहीच. स्टिक एक तर दणकन पडायची, नाही तर कातड्याला लागायचीच नाही.

यामागचं कारण त्याच्या धंद्यातच होतं. उघड्या रस्त्यावर, बाजूला जनरेटर धडधडत असताना, हलक्या थापेला काही किंमत नसते. ऑक्टोपॅडचं सेटिंगही तसंच केलेलं असतं. एका पॅडवर मारलं की शेजारचा वाजू नये म्हणून अगदी हलक्या स्पर्शाला पॅड दाद देत नाही, आणि जी थाप लागते ती भरून यावी म्हणून आवाज वर खेचलेला. म्हणजे हाताने हळू वाजवलं तरी यंत्र ते एक तर गाळणार, नाही तर फुगवणार. दहा-अकरा वर्षांच्या मेहनतीत या डाव्या हाताला हलकं वाजवण्याचं एकदाही काम पडलं नव्हतं. वेगाशी याचा काही संबंध नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कॉलेजातल्या सरांनी सुचवला: ‘क’ काढूनच टाका. हाय-हॅट आणि ‘धा’ ठेवले तर गाणं उभं राहतं, श्रोत्यांत कुणाला कळणारही नाही. हे चूक नव्हतं. पण ‘क’ गेला की ठेक्यातली सरक जाते आणि गाणं टप्प्याटप्प्याने चालल्यासारखं वाटतं. गायकांनी दोन्ही ऐकून बघितलं आणि त्यांना ‘क’वालाच हवा होता.

दुसरा पर्याय पोराने स्वतः काढला. साथीला ढोलकीवाला आहेच, मधले ‘क’ त्याने बोटाने भरायचे. मला ही कल्पना मनापासून आवडली, आजही आवडते. बँडमध्ये काम वाटून घ्यायची सवय असलेल्या डोक्यालाच हे सुचतं. आम्ही ती राखीव ठेवली, डिसेंबरच्या मध्यापर्यंत हात बसला नाही तर हेच करायचं.

तिसरा, तास वाढवायचे. त्याची तयारी होती, पण चुकीच्या हाताने तास वाढवले तर चूकच पक्की होते. चौथा पर्याय म्हणजे वेग पूर्ण बाजूला ठेवून डाव्या हाताला आधी हलका आवाज शिकवायचा. याला किती महिने लागतील ते सांगता येत नव्हतं आणि मध्ये गणपती, नवरात्र, मग लगीनसराई. आप्पांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं, “पोरले शिकाडा सर, पन लगीनसराईमा यानाबिगर मन्हा बँड चालस नही.” घर बँडवर चालतं, त्यामुळे यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. चौथा पर्याय घ्यायचा आणि एकही सुपारी मोडायची नाही, असं ठरलं.

काय केलं

सुरुवातीला स्टिक हातात घ्यायचीच नाही. फक्त बोल म्हणायचे, मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला ४५ वर. इथेच मजा झाली. पोरगा ‘क’ही ‘धा’इतक्याच जोरात म्हणत होता. तोंडात जे मोठं होतं तेच हातात मोठं येत होतं. म्हणून नियम केला की ‘धा’ छातीतून आणि ‘क’ नुसता श्वासावर निघेपर्यंत सरावाच्या पॅडला हात लावायचा नाही. तबल्याच्या क्लासात बसलेल्यांना यात नवल वाटणार नाही, पण बँडमध्ये बोल म्हणायची पद्धत नाही, तिथे सगळं बघून उचलायचं असतं. एसटीत बसल्या बसल्या तो हेच पुटपुटत यायचा. शेजारच्या आजींनी एकदा विचारलं की बाळा, कुठलं स्तोत्र म्हणतोस.

मग पॅड. घरी ड्रम सेट नव्हता, कॉलेजात आठवड्यातून दोनदा मिळायचा. घरचं पॅड म्हणजे प्लायवुडवर ताणून बसवलेला जुन्या ट्यूबचा तुकडा. पॅडशेजारी काडेपेटी उभी ठेवायची आणि ‘क’ वाजवताना स्टिकचं टोक काडेपेटीच्या वर जाऊ द्यायचं नाही. ‘हळू वाजव’ म्हटलं की प्रत्येकाची हळूची व्याख्या वेगळी असते. उंची मात्र डोळ्यांना दिसते. आवाज हा उंचीचा परिणाम आहे, त्यामुळे आवाजावर लक्ष न देता उंची सांभाळली तरी आवाज आपोआप खाली येतो.

दुसरा नियम वेग वाढवण्याचा. रोजच्या सरावाच्या शेवटी हात गरम झालेला असतो, तेव्हा जमलं म्हणजे बसलं असं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी उठून, हात थंड असताना, पहिल्याच प्रयत्नात त्याच वेगावर सगळे ‘क’ काडेपेटीखाली राहिले तरच दोन मात्रा वाढवायच्या. नाही राहिले तर आजही तोच वेग. पोराला हा नियम जाचक वाटायचा. संध्याकाळी ५६ वर झकास वाजायचं आणि सकाळी ५२ वर घसरायचं, मग दिवसभर तोंड उतरलेलं. पण संध्याकाळचा आकडा खोटा आणि सकाळचा खरा, यावर मी हटलो नाही.

मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकायचं ठरवलं तेव्हा एक वेगळाच घोळ झाला. पॅडवर ‘क’ छान हलके वाजत होते आणि रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा मोठे. मोबाइलचं साधं रेकॉर्डर हलका आवाज आपोआप वर उचलतं आणि मोठा दाबतं, बोलणं नीट ऐकू यावं म्हणून केलेली ती सोय असते. आपोआप आवाज जुळवणं बंद करता येईल असं ॲप टाकलं तेव्हा कुठे त्याचा स्वतःवरचा विश्वास परत आला. ऐकून सुधारायचं असेल तर आधी ऐकवणारं यंत्र खरं बोलतं का ते बघावं लागतं.

गणपतीच्या सुमारास ५८ झालं, नंतर ६६ वर गाडी अडली. काही केल्या पुढे जाईना. नीट बघितल्यावर दिसलं की बिघाड ‘धा’नंतरच्या ‘क’मध्ये नव्हताच, तो ‘क’ हातात बसला होता. चुकत होता ‘धा’च्या आधीचा ‘क’, म्हणजे पाचवी जागा. मोठा ठोका येणार हे हाताला आधीच कळायचं, म्हणून तो स्टिक आधीच उचलायचा आणि पाचवा ‘क’ वरून पडायचा. जे करायचं ते उलटं. खालूनच थाप टाकायची आणि थाप पडल्यावर स्टिक उचलायची. म्हणजे पाचव्या जागेची थाप खाली सुरू होऊन वर संपते आणि सातव्या जागेची वर सुरू होऊन खाली संपते.

बारा जागांमधून आम्ही तेवढ्याच चार काढल्या: क ति धा क. बाकीच्या आवर्तनात गप्प बसायचं. चार वाजवायच्या, आठ जागा मनात मोजायच्या, पुन्हा चार. ठेक्याची खरी गाठ या चार जागांत होती, उरलेल्या आठ त्याला पहिल्या आठवड्यापासून येत होत्या. रोज अख्खा ठेका घोटताना तो दोन तृतीयांश वेळ आधीच येणारी गोष्ट वाजवत होता.

याच काळात पकडीचा प्रश्न आला, आणि या प्रकरणातला मला सर्वांत रस वाटणारा भाग हाच. लहानपणी गळ्यातला साइड ड्रम तिरपा असायचा, म्हणून डावा हात तळवा वर करून, स्टिक अंगठ्याच्या खोबणीत धरून वाजवायचा. ऑक्टोपॅडवर आल्यापासून दोन्ही हातांची पकड सारखी झाली आणि ती जुनी पकड सुटली. एकदा गमतीत त्याने जुन्या पकडीने ‘क’ वाजवून बघितला. इतका गोड, इतका हलका पडला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मनगट फिरवून टाकायच्या त्या थापेत जोर करायला जागाच कमी. मग पूर्ण ठेका जुन्याच पकडीने वाजवावा का? आठवडाभर तसं करून बघितलं. ‘क’ सुरेख यायचे पण ‘धा’ला दम येईना, आणि ‘धा’शिवाय शफल लंगडा. जुन्या पकडीत ‘धा’ भरायला आणखी काही महिने लागले असते, ते आमच्याकडे नव्हते. परत नव्या पकडीवर आलो. पण त्या आठवड्यात हलकी थाप हाताला कशी लागते हे त्याला कळलं होतं, आणि तेच तो नव्या पकडीत शोधायला लागला. अडलेलं ६६ त्यानंतर आठ-दहा दिवसांतच सुटलं.

नवरात्र

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी हात ७० वर होता. मग नऊ रात्री गरबा. आप्पांचा बँड नंदुरबारकडे जायचा, तिकडे गुजरातची हद्द जवळ आणि गरबा पहाटेपर्यंत. हींच हासुद्धा तीन-तीनच्या गटांचाच, सहा भागांचा ठेका. शफलची चुलत बहीणच म्हणा, पण हिच्यात मधल्या जागा जोरात वाजवायच्या. म्हणजे तीन महिने जे हाताला शिकवलं त्याच्या नेमकं उलट, तेही रोज पाच-सहा तास.

दसऱ्यानंतर तो आला आणि ७० वर वाजवलं. सगळे ‘क’ काडेपेटीच्या वर, काही तर तिला धडकून. तो इतका चिडला की स्टिक ठेवून निघाला होता. दोन मार्ग होते. ७० वरच राहून हात पुन्हा ताब्यात आणायचा, किंवा खाली उतरायचं. आम्ही ५४ वर उतरलो. त्याला हे सगळं पाण्यात गेल्यासारखं वाटत होतं. पण पहिल्या वेळी जे अंतर कापायला दोन महिने लागले ते दिवाळीच्या आत पुन्हा कापून झालं. हात विसरला नव्हता, जवळच्या नात्यातल्या ठेक्याने त्याला झाकून टाकलं होतं.

किक आणि शेवटचा महिना

दिवाळीनंतर पाय आणला. पुन्हा ५० पासून. सहाव्या जागेवर पाय पडला की शेजारचे डाव्या हाताचे ‘क’ लगेच मोठे व्हायचे, जणू पाय आणि हात एकाच दोरीला बांधलेत. ऑक्टोपॅडवर त्याने किकसुद्धा हातानेच वाजवलेली, पायाला कसलीच सवय नाही. इथे उपाय नवा नव्हता. तेच बोल, तीच काडेपेटी, तोच सकाळचा नियम.

लग्नं सुरू झाली तसा सरावाचा वेळ तुटला. त्यात आणखी एक गोष्ट समोर आली. गाण्याच्या मध्यावर आठ आवर्तनं साधा सरळ ठेका आहे, तिथून शफलवर परत यायचं. नुसता शफल वाजवला तर चांगला, साध्या ठेक्यातून परत आला की पहिली दोन आवर्तनं पुन्हा वरात. म्हणून शेवटच्या महिन्यात एकच ठेका घोटणं बंद केलं. मी नाव घेईन तो ठेका, चार आवर्तनं, मग दुसरा: शफल, कहरवा, साधा, शफल, दादरा, कशाही क्रमाने. असं मिसळून केल्याने सराव चालू असताना वाजवणं वाईट होतं, म्हणून कुणाला आवडत नाही. पण शे आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये हातांच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात, मिसळून सराव केलेल्यांनाच नंतर ते जास्त चांगलं आठवलं होतं. पोराला मी हा प्रयोग सांगितला तेव्हा तो म्हणाला, वरातीत तर असंच असतं, कोण कधी कुठलं गाणं मागेल सांगता येत नाही.

डिसेंबरच्या मध्यावर सगळ्यासकट ७२ झालं होतं. ढोलकीचा राखीव पर्याय काढायचा की नाही ते तेव्हा ठरवायचं होतं. पोराने तिसरंच सुचवलं: गाण्याचा वेग कमी करू. ८४ च्या जागी ७८. मुख्य गायिकेला ते रटाळ वाटलं, तिची तक्रार खरीही होती. दोन्ही वेगांवर रेकॉर्ड करून गटाने एकत्र ऐकलं आणि ७८ वर एकमत झालं.

निष्पत्ती

स्पर्धेत ठेका ७८ वर वाजला. मी हॉलमध्ये होतो. सुरुवातीची काही आवर्तनं ‘क’ ऐकूच येत नव्हते, आणि मला वाटलं घाबरून हात आखडला. नंतर कळलं की आवाजवाल्याने स्नेअरच्या माइकला गेट लावलं होतं, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज पुढे जातच नाही. ऑक्टोपॅडने इतकी वर्षं जे केलं तेच मिक्सरने केलं. कडव्याच्या मधल्या जागेत ढोलकीवाल्याने हाताने खूण केली, आवाजवाल्याला समजलं, आणि दुसऱ्या कडव्यापासून शफल सरकायला लागला. मधल्या साध्या ठेक्यातून परत येतानाचं पहिलं आवर्तन थोडं जड झालं, दुसरं नाही.

गटाचा क्रमांक आला नाही. परीक्षकांचा शेरा गायनातल्या उच्चारांवर होता, ठेक्याबद्दल काहीच नाही.

बँडमध्ये वेगळंच घडलं. हाताला आता हलकं-मोठं कळत होतं, म्हणून पोराने ऑक्टोपॅडचं सेटिंग बदललं आणि हळदीच्या कार्यक्रमात कहरव्याच्या मधल्या जागा दाबून वाजवल्या. बँजोवाला खूश झाला, त्याचे सूर पहिल्यांदा मोकळे ऐकू आले. पुढच्या वरातीत तेच सेटिंग राहिलं आणि आप्पा गाडीवरून ओरडले, “काय वाजाडी राह्यना रे? काहीच ऐकू येस नही!” आता त्याने दोन सेटिंगं करून ठेवली आहेत, एक वरातीचं आणि एक मांडवातलं.

काय वेगळं करता आलं असतं

गाणं निवडायच्या बैठकीत ड्रमवाल्याला बसवायला हवं होतं, हे आता गटालाही पटलं आहे. बँडमधला आहे म्हणजे काहीही वाजवेल, असं गृहीत धरलं गेलं. आणि बँडच्या पोराला ‘मला हे येत नाही’ म्हणणं जड जातं.

स्वतःहून केलेला पहिला महिना वाया गेला असं मी म्हणणार नाही, जागा त्यात पाठ झाल्या. पण त्या महिन्यात ८४ वर मोठ्या आवाजात जे घोटलं ते पुसायला नंतर वेळ द्यावा लागला. नवा ठेका हातात घेताना वेगाच्या आधी आवाज तपासला, मोठ्यात मोठा आणि हलक्यात हलका किती निघतो ते बघितलं, तर हे पहिल्याच दिवशी दिसतं. त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

पाय कधी आणायचा, यावर ओळखीच्या ड्रमवाल्यांत दोन मतं आहेत. काही म्हणतात, पहिल्यापासून ४५ वर हात-पाय सगळं एकत्र बसवायचं, म्हणजे नंतर मोडतोड होत नाही. ज्याला पायाची थोडी तरी सवय आहे त्याच्याबाबतीत मला ते पटतं. या पोराचा पाय अगदीच कोरा होता, त्याला दोन्ही एकदम दिलं असतं तर हलकी थाप कधी आली असती याची मला शंका वाटते. तरी नुसता पाय, बसल्या जागी टाच-चवडा करत, ऑगस्टपासून वेगळा घडवता आला असता. दिवाळीनंतरचे काही आठवडे त्यात वाचले असते.

नवरात्रात सुपारी सोडणं हा पर्याय नव्हता. पण रोज गरबा संपल्यावर, हात ढिले असताना, पाच मिनिटं नुसते ‘क’ वाजवून झोपायचं, एवढं करून बघण्यासारखं होतं. यंदा त्याने ते करायचं ठरवलं आहे. बघू किती टिकतं, पहाटे चारला वाद्यं गाडीत भरल्यावर कुणाला स्टिक धरावीशी वाटेल कोण जाणे.

ढोलकीवाल्याने ‘क’ भरायचा तो राखीव पर्याय एकदा तरी तालमीत वाजवून बघायला हवा होता. हात बसला म्हणून तो तसाच राहून गेला. दोन वाद्यांत वाटलेला शफल कसा लागतो, हे आम्हाला दोघांनाही अजून ऐकायचं आहे. मूळ वेगाचं म्हणाल तर सध्या सकाळच्या पहिल्या प्रयत्नाला ८० पडतो आहे, पायासकट. लगीनसराई उतरली की उरलेल्या चार मात्रांचं बघू.